वादीच्या पलीकडचं कोर्ट

आई, काल मी आपल्या त्या डोंगरातल्या गावी जाऊन आले. मुद्दाम नाही, कामासाठी गेले होते. आता शारजाहून थेट बोगद्यातून रस्ता जातो, वळणं जवळजवळ संपलीच आहेत, आणि तुला ज्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी लागायची तिथे आता कुणी फिरकत नाही. तुझं क्लिनिक तिथून हललंय. त्या इमारतीत सरकारी कामांची कचेरी आहे, आणि तू जिथे लोकांच्या जखमा बांधायचीस त्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतभर स्क्रीन आहे. त्या स्क्रीनवर शहरातल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश दिसतात. डोंगरातल्या माणसांनी शहरात न जाता इथे बसून आपलं म्हणणं मांडायचं, अशी ती सोय आहे. मी कोर्टात दुभाषी आहे, हिंदी-उर्दू-मराठीचं अरबी करते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि फार्मसीच करणार असं आपल्या घरात ठरलेलं होतं. ते का बदललं हे तुला कधी सांगायची वेळच आली नाही. काल त्या खोलीत बसल्यावर वाटलं, सांगायला हवं.

खाला तुला आठवत असेलच, मावशीला तिच्या घरी खाला म्हणतात म्हणून मीही तिला तसंच म्हणायचे. मला ती आठवते ती आपल्या स्वयंपाकघरात. बाबा जबल अलीत गोदामावर, कंपनीच्या खोलीत राहायचे आणि, तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारी असायची म्हणून, गुरुवारी संध्याकाळी यायचे, त्यामुळे आठवडाभर घरात आपण दोघीच. त्या अख्ख्या गावात मराठी बोलणारं तिसरं माणूस म्हणजे ही रायगडच्या किनाऱ्यावरची बाई. दुपारी तू ड्युटीवरून आलीस की ती तिच्या मुलीला कडेवर घेऊन यायची आणि तुला हात धुवायलाही न देता आपल्याच तव्यावर घावणे घालायला लागायची. मुलगी नुकती बोलायला लागली होती. ती ओट्याखाली बसून भांडी वाजवते, खाला म्हणते, "अगो, कान फुटले माझे," आणि तू हसतेस. तुझं तसं हसणं मी नंतर फारसं ऐकलं नाही.

तिचा नवरा खडीच्या क्रशरवर सुपरवायझर होता. तो आपल्याकडचा नव्हता, त्याचं घर तिसऱ्याच देशात होतं. खालाच्या भुवईवर टाके तूच घातलेस. त्या दिवशी तिने दार धडकलं असं सांगितलं आणि तू धागा कापलास. पुढच्या वेळी मात्र तिने खरं सांगितलं, आणि मारापेक्षा वेगळंच सांगितलं. "ताई, तो तिला त्याच्या आईकडे पाठवणार म्हणतो. एकदा विमानात बसली की मला ती दिसायची नाही हो." मुलीला देशाबाहेर नेण्यावर बंदी फक्त कोर्ट आणू शकत होतं, हे तुला क्लिनिकमध्ये येणाऱ्या कुणीतरी सांगितलं. आणि कोर्ट डोंगराच्या पलीकडे, समुद्रकाठच्या शहरात होतं.

आज मी रोज त्या जगात वावरते म्हणून मला कळतं, ते किती लांब होतं. मैलांनी नव्हे. खालाकडे गाडी नाही, लायसन्स नाही, अरबी नाही. गावातून बस नाही. नवरा शिफ्टला असेल, तुला रजा मिळेल आणि शहरात कचेरी उघडी असेल, असे तिन्ही योग एकाच सकाळी जुळायला हवेत. पहिल्यांदा तुम्ही गेलात तेव्हा टायपिंग सेंटरवाल्याने अर्ज अरबीत टाइप करून दिला, पण निकाहनामा रायगडचा, त्याचं अधिकृत भाषांतर नव्हतं. ते करून आणायला भारतात कागद पाठवा, शिक्के मारून आणा, यात महिने गेले. कुणी तुमच्याशी वाईट वागलं नाही. कुटुंब विभागातला तो वयस्कर सल्लागार तर खालाला पाणी आणून देऊन म्हणाला होता, "रविवारी सकाळी हिला घेऊन ये, सिस्टर. तातडीचे अर्ज न्यायाधीश त्या दिवशी स्वतः बघतात. इन्शाल्ला त्याच दिवशी काम होईल." परत येताना तू गाडीत गुणगुणत होतीस, असं खालाने मला सांगितलं.

शनिवारी दुपारी तिचा नवरा मुलीला समुद्र दाखवतो म्हणून घेऊन गेला. त्याला कसा सुगावा लागला हे शेवटपर्यंत कळलं नाही. रात्रभर पाऊस पडला. डोंगरातला तो पाऊस तुला माहीत आहे, खडकावरून सगळं पाणी एकदम खाली येतं. इथे कोरड्या ओढ्याच्या पात्राला वादी म्हणतात. आपल्याकडे कोर्टात दाद मागणाऱ्याला वादी म्हणतात, हे मला कितीतरी वर्षांनी, या धंद्यात आल्यावर सुचलं, आणि सुचल्यावर हसू आलं नाही. सकाळी मीही तुमच्याबरोबर निघाले, पावसामुळे शाळा बंदच होती. गावाबाहेर रस्ता वादीत उतरतो तिथे रस्ताच नव्हता. तांबडं पाणी, आणि त्याच्या तळातून दगड गडगडल्याचा आवाज. आपली पांढरी गाडी तिथेच थांबली. मागून शेजारचे बकऱ्यांवाले म्हातारेबाबा त्यांची मोठी पिकअप घेऊन आले. "यल्ला, सिस्टर, बसा," म्हणाले. आपण बसलो. त्यांनी चाकं पाण्यात घातली, गाडी एका बाजूला सरकली, तसे त्यांनी ती कशीबशी मागे घेतली आणि इंजिन बंद केलं. "खलास," ते म्हणाले. "आज नाही."

"दुसरा रस्ता?" तू विचारलंस.

"दुसरा रस्ता याच्याच पुढे आहे, सिस्टर."

तू खाली उतरलीस आणि चपला काढल्यास. मला वाटलं पाय पुसतेस. तू पाण्याकडे चालू लागल्यावर म्हाताऱ्यांनी धावत येऊन तुझ्या ओढणीचं टोक धरलं. परक्या बाईला त्यांनी कधी हात लावला नसता, म्हणून फक्त ओढणी. "तुझी मुलगी बघते आहे," ते अरबीत म्हणाले. तेवढं अरबी मला तेव्हाही येत होतं. खाला पिकअपमधून उतरलीच नाही. ती समोरच्या काचेतून पलीकडचा काठ बघत होती. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे आम्ही येतोय, थांबा, एवढंही कुणाला सांगता आलं नाही. दुपार झाली, कोर्ट बंद व्हायची वेळ झाली, आणि पाणी तसंच वाहत होतं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा तुम्ही गेलात. सल्लागाराने कॉम्प्युटरवर बघितलं, मग उठून आत गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर तो खालाशी नाही, तुझ्याशी बोलला. मुलगी रविवारी रात्री देशाबाहेर गेली होती. इथल्या कोर्टाचा हुकूम तिथे चालणार नव्हता. तू मला हे सांगितलंस तेव्हा भाजी चिरत होतीस, आणि तू सगळी भाजी चिरून झाल्यावरही रिकाम्या पाटावर सुरी चालवत होतीस.

पुढे नवऱ्याने खालाचा व्हिसा रद्द केला. तिला विमानतळावर तूच सोडलंस. घरी आल्यावर मी, शाळेतल्या इंग्लिशमध्ये, म्हणाले की तू तुला जमेल ते सगळं केलंस, इट्स नॉट युअर प्रॉब्लेम. तू वळून म्हणालीस, "मराठीत बोल. आणि मग सांग, कुणाचा प्रॉब्लेम आहे?" फार्मसी माझ्या मनातून गेली आणि दुभाषी व्हायचं आलं, ते त्या प्रश्नापासून.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तू गावच्या मजलिसमध्ये गेलीस. मोठ्या माणसांची बैठक ती, बाया तिथे सहसा जात नसत, पण अर्ध्या गावाची बाळंतपणं तू केली होतीस म्हणून कुणी अडवलं नाही. मी दाराशी उभी होते. तू तुझ्या मोडक्या अरबीत म्हणालीस, "पोरांना लस टोचायला गाडी डोंगरात येते. कोर्ट का येत नाही? महिन्यातून एकदा तरी?" लोक हसले, वाईट नाही, मायेने. कुणीतरी कॉफी दिली. "इन्शाल्ला, सिस्टर." तू कॉफी संपवलीस आणि मलाच म्हणालीस, "हसू देत. ऐकलं तर आहे." मग तुझं दुखणं निघालं, आणि बाबांनी तुला पुण्याला नेलं, आणि पुढचं तुला माहीत आहे.

तर आई, कोर्ट आलं. काल मी त्यात बसले होते. अर्ज होता एका पोरसवदा बाईचा, वादीच्या वरच्या अंगाला खजुराच्या शेतावर राहणारी. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं होतं, बाळ स्वतःकडे हवं होतं. अर्ज तिने मोबाइलवरून केला होता, शेतावरच्या खोलीत बसून, कुणाला कळू न देता. टायपिंग सेंटर नाही, घाट नाही. तिला हिंदीच येत होती आणि बाईच दुभाषी असावी म्हणून मला पाठवलं होतं. मी इतकी खूश होते की वाटेत पेट्रोल पंपावर मीच मला चहा पाजला. मनात म्हटलं, आईला दिसायला हवं होतं.

ती आली दिराच्या गाडीतून. शेतावरून दुसरं कोण आणणार? कचेरीतल्या माणसाने दिराला बाहेर थांबायला सांगितलं, दार लावलं. स्क्रीनवर न्यायाधीश दिसले, त्यांनी नाव विचारलं, मग विचारलं, "खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना? मोकळेपणाने बोलू शकता?" मी हिंदीत विचारलं. ती म्हणाली, "जी, अकेली हूँ." आणि तिची नजर दाराखालच्या फटीकडे गेली. तिथे दोन बूट दिसत होते.

दुभाष्याने फक्त बोललेलं सांगायचं असतं. न बोललेलं सांगायचं नाही, हा पहिला नियम. मी अरबीत म्हणाले, "ती म्हणते, एकटी आहे." मग थांबले, आणि म्हणाले, "महोदय, दाराला लागून कुणीतरी उभं आहे. हे तिचं नाही, माझं बोलणं आहे."

न्यायाधीश म्हणाले, "दुभाषीबाई, तुम्ही भाषांतर करा." मी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी कचेरीतल्या माणसाला हाक मारली आणि सांगितलं, त्याला इमारतीच्या बाहेर ने, मग मला कळव. बूट गेले. त्यांनी पुन्हा सगळं विचारलं, हळू आवाजात, जसं तू ताप आलेल्या पोराशी बोलायचीस. घाई नाही, म्हणाले. कुणाला घाबरायचं कारण नाही. मी ते हिंदीत म्हणताना माझा आवाजही तसाच झाला.

ती टेबलावरची पाण्याची बाटली फिरवत बसली. मग म्हणाली, "सब ठीक है, साहब. गुस्से में लिख दिया था. मेरे को केस नहीं चलाना." न्यायाधीशांनी परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं. मी ते शब्दाला शब्द अरबीत केलं. अर्ज मागे घेतल्याची नोंद झाली. कधीही पुन्हा अर्ज करता येईल, याच फोनवरून, असं त्यांनी बजावून सांगितलं आणि मीही बजावून सांगितलं. तिने मान हलवली. स्क्रीन काळा झाल्यावर तिने मला विचारलं, "दीदी, उसको पता चलेगा क्या, आपने बोला?" मी नाही म्हणाले. मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. ती मागच्या सीटवर बसली आणि गाडी वर शेताकडे गेली. शहर आता तिच्यापासून एका बटणावर होतं, आणि ती रात्र तिला त्या शेतावरच काढायची होती.

हे लिहितेय तर नात डोकावून गेली तुझी. "हू आर यू रायटिंग टू?" म्हणाली. आजीला, म्हटलं. "बट शी कान्ट रीड इट, मम्मा." मी म्हटलं, माहीत आहे. हे कुठे पाठवायचं नाहीये, लिहून झालं की ड्रॉवरमध्ये जाईल.

एक गोष्ट सांगायची राहिली. निघताना मी कचेरीतल्या त्या माणसाला म्हणाले, डोंगरातल्या पुढच्या तारखांनाही मलाच बोलवा, मी येईन. त्याने नंबर घेतला. आणि गाडीत बसून दार लावल्यावर मनात आलं ते एवढंच, की त्याने मला बोलवू नये.