श्वांडेगची गाडी आणि आमचं कुरण

९ मार्च १९०८

गाडी येणार! इथे, वर, आमच्या श्वांडेगला!

आज इंजिनिअर ब्रुप्पाखर बर्फातून चालत वर आला. नाक लालभडक, मिशा गोठलेल्या. सूपचे दोन वाडगे रिकामे केल्याशिवाय तोंड उघडलं नाही. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर माझेच कप ठेवले. खालच्या उंटरबाखपासून जंगलाच्या कडेनं वर रूळ येणार. चढ उभा, म्हणून मधोमध दातांचा आणखी एक रूळ. इंजिनाचं चाक त्यात अडकत अडकत चढणार.

"हिवाळ्यातसुद्धा चालेल?" मी विचारलं.

"बाई, हिवाळ्यासाठीच तर बांधतोय."

इंग्रज लोक स्की खेळायला येणार म्हणे. सासूबाईंना ते नीट समजावून सांगावं लागलं. "म्हणजे पायाला फळ्या बांधून पडायचं, आणि वर त्याचे पैसे द्यायचे? येऊ देत बापडे," म्हणाल्या.

फक्त एक अडचण. स्टेशनाला सपाट जागा लागते, आणि इथे सपाट म्हणावी अशी एकच जागा आहे — आमचं गवताचं कुरण. ते नाही मिळालं तर गाडी उंटरबाखलाच थांबणार. सगळे मेल्खियोरकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्यानं पाइप झटकला. "तिथे गवत उगवतं," एवढंच म्हणाला आणि गाईंकडे गेला.

म्हणे गवत उगवतं!

११ मार्च

काहीही करताना गाडीच डोळ्यांसमोर. दूध नासवलं. दुसऱ्यांदा.

इथे शाळेत शिकवायला आले ती एका हिवाळ्यापुरती. नोव्हेंबरात चढले, बर्फानं वाट बंद केली, वाट उघडेपर्यंत लग्न ठरलं होतं. तेव्हापासून दर वर्षी तेच — एप्रिलपर्यंत इथून हलायचं नाही. टपालाची घसरगाडी तेवढी कधीमधी खाली-वर होते. बाबा माहेरी, बाझेलला वारले ते जानेवारीत. मला कळलं तेव्हा त्यांना पुरूनही झालं होतं. धाकट्या बहिणीच्या, लिनाच्या घरी एकही नाताळ मला मिळालेला नाही.

गाडी आली तर सकाळी निघून संध्याकाळी बाझेल!

१५ मार्च

सगळं गाव तयार. पाटलापासून पाववाल्यापर्यंत. अडून बसलेत ते फक्त आमचे महाराज.

"का नको, ते तरी सांग."

"गाई काय खातील?"

"रेल्वे कंपनी पैसे देईल, गवत विकत घेऊ."

"विकतचं गवत," तो म्हणाला. मी जणू चर्चमधला दिवा चोरायला सांगितलं होतं.

आणि पाइप भरायला घेतला. या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंत तरी आवाज परत देते.

२ एप्रिल

सासूबाई माझ्या बाजूनं! कारण मात्र वेगळंच. त्यांना गाडी हवी आहे ती मेल्यावर.

दफनभूमी खाली उंटरबाखला. हिवाळ्यात इथे कुणी गेलं तर वाट उघडेपर्यंत वरच ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण सासऱ्यांचं त्यांनी आज सांगितलं. ते डिसेंबरात गेले आणि मार्चअखेर खाली नेले. तोवर आमच्या लाकडाच्या खोपीत, मागच्या फळीवर. "रोज सकाळी सरपण आणायला जायचं तर आधी त्यांना 'मी आहे हो' म्हणायचे," सांगत होत्या. हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या. "मला नाही तिथे निजायचं, सूनबाई. फटींतून वारा येतो."

मग लगेच — "गाडीत खिडकीजवळ ठेवा हं मला."

२४ एप्रिल

आजचं कसं लिहू!

सोमवारी ब्रुप्पाखर शेवटचं उत्तर घ्यायला येणार. सकाळी बघते तर सासूबाईंची खाट रिकामी. गोठ्यात नाहीत, शेजारी नाहीत. खोपीत गेले तर त्या फळीवर! लग्नाचा काळा झगा, डोक्याला रुमाल, छातीवर हात जोडलेले. मी तोंड उघडलं.

"किंचाळू नकोस," डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी जिवंत आहे. सवय करून घेतेय. मेल्खियोरला बोलाव."

तो आला. "आई, ऊठ. थंडी आहे."

"असू दे. पुढे तीन महिने काढायचेत."

"लोक काय म्हणतील?"

"बघायला येतील. त्यांना कॉफी कर."

आणि खरंच आले! निम्मं गाव दारात. पाववालीनं तर गरम पाव आणला आणि सासूबाईंनी तो आडव्या पडूनच खाल्ला. मेल्खियोरचे कान लाल. त्यानं सगळ्यांना हाकललं, मलाही. मी गेले नाही. भिंतीमागे सरपण रचत उभी राहिले.

मग सासूबाई — "गवताचं मला सांगू नकोस. गवत तुझ्या बापालाही प्यारं होतं. खरं काय ते बोल."

मेल्खियोर इतकं हळू बोलला की मी श्वास रोखला.

"गाडी आली की ती जाईल, आई. बर्फ आहे म्हणून राहिलीय."

मग सासूबाई उठून बसल्या असाव्यात, फळी वाजली. "आणि तू बर्फाच्या भरवशावर बायको ठेवणार? लाज नाही वाटत? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबतं का रे?"

मी पाय न वाजवता घरात आले. हातात एक लाकूड तसंच होतं.

२५ एप्रिल

मी जाईन असं त्याला वाटावं! माझ्या मनात असलं कधी आलंच नाही —

असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. आलं होतं. दर जानेवारीत येतं. मार्चमध्ये जातं. पण त्याला ते दिसत होतं, हे मला दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं. रागही आला. विचारायचं होतंस ना, मेल्खियोर!

पण मी तरी कुठे विचारते आहे?

२७ एप्रिल

दिलं! मेल्खियोर ब्रुप्पाखरच्या हातावर हात मारून मोकळा झाला. इथे हात दिला म्हणजे संपलं, कागद नंतर. ब्रुप्पाखर खूश, पाटील खूश, सासूबाईंनी चेरीची दारू काढली. मी मेल्खियोरच्या बशीत चीजचा मोठा तुकडा वाढला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं आणि नाचायची लाजही वाटत होती.

३० मे १९०९

सुरुंग! खिडक्या खडखडतात, कोंबड्या अंडी द्यायला विसरल्या. इटालियन मजूर कामावर गातात, सासूबाई शब्द न कळता सूर धरतात. मी रोज एक फेरी मारून येते. काल रूळ जंगलाच्या पहिल्या वळणापर्यंत होता, आज पुढे सरकला आहे. पी हळद अन् हो गोरी, असं मला झालं आहे.

कुरणावर स्टेशनाचा पाया खणला. मेल्खियोरनं आदल्या दिवशी तिथलं सगळं गवत कापून घेतलं. स्वतः. कुणाला हात लावू दिला नाही.

४ सप्टेंबर १९१०

आता तो मजुरांना सांगतो बर्फ कुठून कोसळतो, कुठे छप्पर घालायला हवं. काल ब्रुप्पाखरशी तासभर भांडला. "इथे भिंत दोन हात वर घ्या. माझी बायको या गाडीत बसणार आहे," म्हणाला. ब्रुप्पाखरनंच मला सांगितलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

२० नोव्हेंबर १९१०

आली! आली! आली!

धूर आधी दिसला, मग शिट्टी, मग ते ठेंगणं इंजिन, नाक खाली करून डबे पुढे ढकलत ढकलत वर. चर्चची घंटा वाजली, पाटलाचं भाषण कुणी ऐकलं नाही. मी रडले, पाववाली रडली, ब्रुप्पाखरही रडला आणि म्हणाला, कोळशाचा कण गेला.

सासूबाई पहिल्याच फेरीत खाली जाऊन आल्या. खिडकीजवळ बसून. "कशी वाटली दफनभूमी?" मी विचारलं. "ओल आहे. दहा वर्षं तरी मी जात नाही," म्हणाल्या.

११ डिसेंबर १९१०

इंग्रज आले! तगडे बाप्ये, फळ्यांवरून धडाधड आपटतात आणि हसतात. शाळेतली मुलं त्यांना उठवायला धावतात. आज एका बाईनं मला फळ्या बांधून दिल्या. पाववाल्याच्या कुंपणापर्यंत गेले! कुंपणातच थांबले, पण गेले! मेल्खियोर स्टेशनाच्या छपराखाली उभा राहून बघत होता. हसला. मी त्याला हसताना पाहून किती दिवस झाले होते.

२३ डिसेंबर १९१०

लिनाकडे नाताळला जायचं असं मी म्हणायच्या आधीच मेल्खियोरनं तिकीट आणून टेबलावर ठेवलं. बाझेल. फक्त जाण्याचं.

"आणि येण्याचं?"

"ते तुझं तू बघ." बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती. "मी काढलं असतं तर तुला यावं लागलं असतं."

मी ऐकलं होतं खोपीत, हे त्याला अजून माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "गाईंना मीठ घालायला विसरू नकोस." मूर्ख बाई.

९ जानेवारी १९११, उंटरबाख स्टेशन

गाडी इथेच थांबली. वर रुळावर बर्फ कोसळलाय, परवापर्यंत बंद. इंग्रजांनी हॉटेलं धरली. स्टेशनमास्तर म्हणतो, "बाई, बहिणीकडे परत जा. तिकीट चालेल." लिनाही हेच म्हणत होती, वसंतापर्यंत राहा. रुळाच्या कामावेळी केलेली जंगलातली पायवाट मोकळी आहे, सकाळी दूधवाले उतरलेत. बॅग मास्तरकडे ठेवते. ही वहीसुद्धा. बूट घट्ट बांधलेत. चालत वर निघते.