आतून कुलूप

१९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत, आभारी आहे. तो होता तसाच आहे, म्हणजे वाईट. तुमच्या दादांचा घसा अजून बसलेलाच आहे, म्हणून ते फोनवर येत नाहीत. बाकी सगळं ठीक.

उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या नगरपालिकेला सध्या आगीनं झपाटलंय. मागच्या गल्लीत शिंप्याच्या घराला आग लागली, जुन्या वायरमुळे. झालं! इतकी वर्षं घोरत पडलेले सगळे खडबडून उठले आणि घरोघर नियमांची पत्रकं वाटत सुटले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यातही भाषा काय, तर ‘निवासधारकाने निर्गमनमार्ग अबाधित ठेवावा.’ अहो, सरळ म्हणा ना, दारात पसारा मांडू नका! आमच्या शाळेतल्या सिस्टरनी असलं वाक्य लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

नियम ऐका. गॅसची नळी बदला. जिन्याखाली रद्दी नको. खिडकीच्या गजांची एक तरी चौकट आतून उघडणारी हवी. आणि धूर लागला की किंचाळणारा एक डबा छताला लावा. तो लावलाय. मी कढईत काहीही टाकलं की बोंब ठोकतो. माझ्या स्वयंपाकावर इतकी उघड टीका आजवर फक्त तुम्ही केली होती.

हे सगळं मी मुकाट्यानं केलं. रद्दी उपसताना कंबर गेली. इतक्या वर्षांची वर्तमानपत्रं. तुमच्या दादांना एकही टाकवत नव्हतं. आता मात्र मी गठ्ठे बाहेर नेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

मग बंबवाले साहेब तपासणीला आले. चांगले पोट सुटलेले, सर्दीनं बेजार, दर वाक्याला शिंक. म्हटलं, हे आग विझवणार ती शिंकूनच. पण माणूस बरा होता. स्वयंपाकघर बघून ‘वा’ म्हणाला, खिडकीची चौकट हलवून बघितली, डब्याचं बटण दाबून मला दचकवलं. मी म्हटलं, झालो एकदाचे पास.

तर म्हणाले, “बाई, आता समजा घरात धूर भरलाय. दार उघडून बाहेर पडून दाखवा.”

“तुम्ही आलात ते काय भिंतीतून आलात? दार उघडतं, दिसलं ना?”

“नियम आहे बाई. करून दाखवा.”

मी दाराशी गेले. वन्सं, दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली मला सापडेना.

साहेबांना आत घेतल्यावर ते बूट काढत होते, तेवढ्यात मी दार लावून कुलूप घातलं होतं आणि किल्ली लपवली होती. हाताला वळण पडलंय. कुठे लपवली, ते काही केल्या आठवेना. फुलदाणीत बघितलं, घड्याळामागे बघितलं, उशीच्या अभ्र्यात हात घातला. साहेब रुमाल नाकाला लावून नुसते बघत होते. शाळेत आमची आगीची कवायत व्हायची. घंटा झाली की दप्तर तिथंच सोडायचं आणि न बोलता मैदानात जायचं. कवायतीत मी कधी चुकले नाही. आणि इथं स्वतःच्या दिवाणखान्यात मी उशा उलट्यापालट्या करत होते.

दाराजवळच्या खुर्चीत तुमचे दादा बसले होते. पायात चपला, मांडीवर पिशवी. ते साहेबांकडे वळून फार आपुलकीनं म्हणाले, “तुम्हालाही सोडत नाही का ही?”

आवाज खणखणीत. घसा कधीच बसला नव्हता, वन्सं.

किल्ली साखरेच्या डब्यात निघाली.

साहेबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. म्हणाले, “हे कुलूप काढावं लागेल. दार आतून नुसत्या हातानं उघडलं पाहिजे, किल्ली शोधावी लागता कामा नये.” मी म्हटलं, “आणि हे निघून गेले तर? त्याचं कलम आहे का तुमच्या पत्रकात?” त्यावर त्यांनी सांगितलं, की शिंप्याची आई दारापाशी सापडली. शिंपी तिला आत ठेवून कुलूप लावायचा. तीही बाहेर भटकायची. हे मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हाला वरती मी फक्त वायर लिहिली.

तुम्ही मागच्या खेपेला म्हणाला होतात, “वहिनी, दादानं मला दोनदा विचारलं कुठल्या गाडीनं आलीस म्हणून. त्याला डॉक्टरांना दाखवा.” मी म्हटलं होतं, तुमच्या घराण्यात उत्तर ऐकायची पद्धतच नाही. तुम्ही चहा न घेता गेलात. डॉक्टरांना दाखवलं. तुमचं बरोबर निघालं. हे एवढं वाक्य लिहायला मला ही सगळी नगरपालिका मध्ये घालावी लागली.

ते कुठे जायला निघतात, ते ऐका. तिसरा प्रहर झाला की चपला घालतात आणि म्हणतात, “चिमणीची शाळा सुटेल. ती फाटकाशी एकटी उभी राहील.” मी सांगते, अहो, चिमणीला नातवंडं झाली. ते माझ्याकडे असं बघतात, जणू मलाच वेड लागलंय. एकदा निघाले ते पार बस डेपोपर्यंत गेले. दूधवाल्यानं हाताला धरून आणलं. त्यानंतर मी कुलूप बसवून घेतलं.

काल कुलूपवाला येऊन ते काढून गेला. आता साधी कडी आहे, हातानं उघडते. म्हणजे त्यांनाही उघडते. दाराला घंटा बांधलीय आणि दुपारभर मी दाराशी खुर्ची घेऊन बसते. आज डुलकी लागली असावी. घंटा ऐकून उठले तर ते अंगणात. ओढून आत आणायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबरच निघाले. कोपऱ्यावरच्या शाळेच्या फाटकाशी दोघं उभे राहिलो. सगळी पोरं गेली. शिपायानं फाटक लावलं. हे म्हणाले, “आज बाईंनी थांबवून घेतली वाटतं.” मी म्हटलं, “पाढे चुकले असतील.” “छे, चिमणी नाही चुकायची,” म्हणाले आणि शांतपणे माझ्याबरोबर परत आले. उद्या पुन्हा जायचंय. माझ्या गुडघ्यावर हे फार दिवस निभायचं नाही.

आणखी एक. साहेबांनी विचारलं होतं, घरात दुसरं कोण असतं. मी बेधडक सांगितलं, “नणंद असते ना, येऊन-जाऊन.” कॉन्व्हेंटात शिकलेली बाई, सरकारी माणसाच्या तोंडावर खोटं बोलले. ते महिनाअखेरीस पुन्हा तपासायला येणार आहेत.

तुमचे दादा तुम्हाला ओळखतील असं वचन देत नाही. ते दप्तरवाल्या चिमणीची वाट बघतात आणि तुमचे केस माझ्याहून पांढरे. पण आलात तर दुपारी या, शाळेच्या फाटकाच्या बाजूनं या. चहा या वेळी घ्यावाच लागेल. दार वाजवायची गरज नाही. कडी काढून ठेवेन, नुसतं ढकला, पलीकडे खुर्चीत मी असेन, उठायला जरा वेळ लागेल.

तुमची,
दाराशी बसलेली
वहिनी