ओरखडा न उठणारी काच आणि आईची डावी कुडी

डोंबिवली (पूर्व),
रविवार, दुपारचा चहा व्हायचा आहे

चि. सौ. शुभदा हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. (इतक्या वर्षांचे साचलेले आहेत, पुरवून पुरवून वापर.) तुझे गुडघे, अच्युतरावांची साखर आणि तुमच्या खोपट डेपोसमोरच्या खिडकीखालचे एसटीचे भोंगे, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी बरा आहे. तुझी वहिनी माझ्यापेक्षा बरी आहे, आणि हे ती दिवसातून दोनदा सिद्ध करून दाखवते. पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे आंघोळ हा आमच्याकडे अजून सणच आहे. तुम्ही ठाण्याची माणसं, तुम्हाला यातलं काय कळणार.

दादा पत्र कसा काय लिहितोय, असं तुझ्या मनात आलं असेल. टिटवाळ्याला देवळाबाहेर मी शपथ घेतली होती की यापुढे शुभदाशी तोंडानं बोलणार नाही, फोनवरसुद्धा नाही. हातानं लिहिणार नाही असं मी काही म्हणालो नव्हतो. (तू त्यावर म्हणालीस की बरं झालं, आता दुपारची झोप तरी मिळेल. मी विसरलेलो नाही. पण ते असो.)

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटचं पान आधी वाचायला जाणार नाहीस. आई जाताना तिनं हिऱ्याच्या कुड्यांपैकी उजवी तुझ्या हातात ठेवली आणि डावी माझ्या. दोघं मिळून वापरा, म्हणाली. त्या माउलीला वाटलं असेल की यामुळे भाऊ-बहीण एकत्र राहतील. आपण त्यावरूनच टिटवाळ्याला भांडलो आणि तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तू म्हणालीस, कुड्या बायकांच्या, तेव्हा डावीही माझी. मी म्हणालो, थोरला मी, तेव्हा उजवीही माझी. एका कुडीचं करायचं काय, हे ना तुला कळलं ना मला. आता पुढच्या महिन्यात उर्वीचं लग्न. आजीच्या कुड्या घालूनच उभी राहीन, असं ती म्हणते, हे स्वानंदनं मला सांगितलं, आणि मी त्याला सांगितलं की तुझ्या आईला म्हणावं, खाडीत टाकीन पण देणार नाही. तर शुभदा, माझा विचार बदललेला आहे. डावी कुडी मी उर्वीला देतो आहे. मामानं भाचीला द्यायची नाही तर कोणाला द्यायची? मोठ्या भावानं कधीतरी मोठं व्हावं लागतं. आता हा विचार कसा बदलला ते सांगतो, आणि त्याच ओघात तुझ्या कल्याणच्या व्याह्यांनी माझ्याबद्दल तुला जे काही सांगितलं असेल त्याचाही खुलासा करतो.

गेल्या रविवारी तुझे चिरंजीव माझ्यासाठी नवा फोन घेऊन आले. माझा जुना फोन तुला आठवत नसेल, कारण त्यावरून तुला फोन करायची वेळच आली नाही. त्याची काच इतकी तडकली होती की कोणाचाही फोटो आला की तो माणूस तुरुंगात भेटायला आल्यासारखा जाळीपलीकडे दिसे. स्वानंद म्हणाला, मामा, उर्वीच्या लग्नाचा ग्रुप केलाय, त्यात तुम्ही हवेतच. मग त्यानं फोनची कुंडली वाचली. बॅटरी अशी, कॅमेरा तसा, आणि काच म्हणे अशी की हिच्यावर ओरखडा उठतच नाही. खिशात किल्ल्यांबरोबर बिनधास्त ठेवा. वरून संरक्षक काच लावू नका, प्लॅस्टिकही काढून टाका.

प्लॅस्टिक काढून टाका, हे त्यानं आमच्या घरात बसून सांगितलं. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे, फ्रीजच्या मुठीला टॉवेल आहे, आणि सोफ्याचा मूळ रंग कोणता यावर माझे आणि तुझ्या वहिनीचे मतभेद आहेत, कारण त्याचं प्लॅस्टिक आम्ही अजून काढलेलं नाही. तरी मी काढलं. का, तर मला त्या दाव्याचा राग आला. मी उभी नोकरी अंबरनाथला कुकरच्या शिट्ट्या तपासण्यात काढली. कंपनी म्हणते म्हणून शिट्टी वाजते, असं मी कधी मानलं नाही. वाजवून घेतली. ओरखडा उठत नाही म्हणजे काय? कशानं उठत नाही? कोणी उठवून पाहिलाय? स्वानंद म्हणाला, मामा, कंपनीनं पाहिलाय. मी म्हटलं, शिट्टीवाल्यांचीही कंपनीच होती.

तो गेल्यावर मी साहित्य जमवलं. साहाय्यक म्हणून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पोपटराव आले, म्हणजे त्यांना बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. सुरुवात नखानं केली, मग रुपयाचं नाणं, मग लॅचची किल्ली, मग खिळा. काही नाही. किल्लीनं एक करडी रेघ उठली तेव्हा मी हर्षभरित झालो, पण ती पंच्यानं पुसली गेली. म्हणजे काचेनं किल्लीला खाल्लं होतं, किल्लीनं काचेला नाही. पोपटरावांनी यावर मला एक व्याख्यान दिलं. म्हणाले, लोक किल्ल्यांना उगाच भितात, काचेचा खरा वैरी वाळू. खिशातली धूळ, तिच्यातला बारीक कण लोखंडापेक्षा कडक. शिवाय ओरखडा निराळा आणि तडा निराळा. जी काच ओरखड्याला जुमानत नाही ती पडली की फुटणार नाही असं नाही, उलट जी जास्त कडक तीच पटकन तडकते. (आपल्या घराण्यात हे कोणी नव्यानं सांगायला नको.) बाहेर रस्ता खणलेलाच आहे, मूठभर वाळू आणू का, असं त्यांनी विचारलं. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, वाळू घरात आली तर तुम्ही दोघं बाहेर जाल. तो प्रयोग राहिला.

मग अडकित्ता झाला. किसणी झाली. काच हूं की चूं करेना. आता माझ्या डोक्यात ती गेलीच. आठवड्याभरापूर्वी कारखान्यातून निघालेली एक काच, आणि माझ्या सगळ्या नोकरीला पुरून उरते म्हणजे काय. मी विळी काढली. आपल्या आईची, जिच्यावर तिनं फणस चिरले ती. दुपारची वेळ, गरमी मी म्हणत होती, त्यामुळे अंगात बनियन (जुना, पण स्वच्छ). विळीवर पाय ठेवून बसलो, फोन दोन्ही हातांत उभा धरला आणि पात्याकडे नेला.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घे. नाणं घासताना माझा अंगठाही काचेवर घासला जात होता, आणि काच हे सगळं घासणं आज्ञा समजून पाळत होती. तिनं आधी ग्रुपवर रडक्या तोंडाची बरीच चित्रं पाठवली. मग कोणा काकूंनी टाकलेल्या साखरपुड्याच्या फोटोला अंगठा खाली केला. आणि नेमका मी विळीवर बसलो तेव्हा तिनं तुझ्या कल्याणच्या व्याह्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे त्या वेळी मानापानाच्या साड्या निवडायला चार बायका जमल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. त्यांना पडद्यावर दिसलं ते असं: पुढे विळीचं पातं, मागे मी, आणि मी म्हणतोय, बघतोच आता तू किती टिकतेस ते. पोपटराव माझ्या खांद्यावरून सल्ला देत होते की दादा, मानेपासून घ्या, तिथे नाजूक असते. मान म्हणजे फोनची वरची कड. पण हे कल्याणपर्यंत कसं पोचावं.

फोनमधून किंकाळी आली तेव्हा मला आधी वाटलं काच ओरडली. क्षणभर समाधानही वाटलं. मग पडद्यावर साडी खांद्यावर टाकलेल्या विहीणबाई दिसल्या. मी प्रसंगावधान राखून नमस्कार केला, पण फोन दोन्ही हातांत असल्यामुळे त्यांना फक्त माझं छत गरगरताना दिसलं. पंख्याला बांधलेली पिशवीही दिसली असेल. (पंख्याचं एक पातं बदललंय, नव्यावर धूळ बसू नये म्हणून.) त्यांनी तुला लगेच फोन करून मामांची प्रकृती विचारली, हे स्वानंदनं सांगितलंच. तू त्यांना म्हणे उत्तर दिलंस, तो असाच आहे. धन्यवाद. व्याह्यांचा मुलगा, आपला होणारा जावई, चांगला दिसतो, हातात लाडू होता आणि तो त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. असा माणूस संसार नीट करतो.

तर विळीनंही काही झालं नाही. पातं बोथट झालं, वहिनी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही, आणि काच जशीच्या तशी. त्यानंतर आणखी एक शेवटची चाचणी मी एकट्यानं, दार लावून केली. ती सांगण्यासारखी नाही. तीतूनही काच पास. आज मी चष्मा लावून, उजेडात तिरपी धरून, सगळी काच तपासली. वरच्या कोपऱ्यात कव्हरच्या कडेशी एक केस तेवढा चिकटलाय, तो कालपासून पुसतोय पण निघत नाही. तुझ्या वहिनीचे केस हल्ली फार गळतात. बाकी ओरखडा नाही. हे मी, शिट्ट्या तपासलेला माणूस, लेखी देतो.

आणि मग मी विचार केला, शुभदा. एका काचेला इतकं घासलं तरी तिच्यावर चरा नाही, आणि आपण एका कुडीवरून मनाला इतके चरे पाडून घेतले. लग्नानंतर उर्वी कल्याणला जाईल, स्वानंद हिंजवडीचं म्हणतोय, मग तू आणि मी कोणाशी भांडणार? कुडी सोबत पाठवतो आहे. उर्वीला माझ्यातर्फे दे, आशीर्वाद दे, आणि मागचं सगळं पुसून टाक. श्री. अच्युतरावांना साष्टांग नमस्कार. उर्वीच्या कानांना गोड पापा.

तुझा,
त्र्यंबकदादा

ता. क. कुडी सराफाला मुळीच दाखवू नकोस. पॉलिशला नको, फिरकी बदलायला नको, किंमत करायला तर नकोच. जुन्या वस्तूला परका हात लागला की तिचं तेज जातं. वजन कमी वाटलं तर तो तुझ्या हाताचा दोष समज.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायचं होतं, पण तू आईसारखीच आहेस, वास काढशील. तेव्हा सांगून टाकतो. ती शेवटची चाचणी कुडीची होती. मी म्हटलं, लोखंड हरलं, आता हिराच. हिऱ्यापुढे कुठली काच टिकते? सातही खडे घासले, शुभदा. जोर लावून घासले. काचेवर काही नाही, आणि खड्यांच्या कडा मात्र बोथटल्या. आधी मला फोन वाचल्याचा आनंद झाला आणि मग डोक्यात उजेड पडला. आपण काचेच्या सात तुकड्यांसाठी बोलणं टाकलं होतं. तुझी उजवीही त्याच जातीची असणार, आई दुजाभाव करणारी नव्हती. मला तिचा राग नाही आला, खरं सांगतो, हसू आलं आणि मग जरा रडूही आलं. उर्वीला यातलं काही कळू देऊ नकोस. मांडवात लांबून काय दिसतंय. आणि लग्नाआधी एकदा ये डोंबिवलीला. मला तुझी आठवण येते. टिटवाळ्याच्या गणपतीची समजूत मी काढीन.

ता. क. तिसरा. हा तुमच्या वहिनीचा आहे, वन्सं. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं आणि चहा पिऊन झोपले. तुमचं भांडण झालं त्या वर्षीच हे खाडीत टाकीन, खाडीत टाकीन म्हणायला लागले, तेव्हाच मी बाजारातून खोट्या कुड्यांचा एक जोड आणून त्यातली डावी यांच्या डबीत ठेवली होती. यांनी फोनवर घासली ती हीच खोटी. आईंची खरी इतकी वर्षं माझ्या तांदळाच्या डब्यात होती, तीच या पुडीत आहे. सराफाला खुशाल दाखवा. यांना मात्र लग्न लागेपर्यंत काही बोलू नका. खरी आहे कळलं तर पुन्हा थोरला भाऊ जागा होईल, आणि काच आहे म्हणून माणूस किती गोड झालाय ते तुम्ही वाचलंतच. उर्वीला देण्याआधी मीही एकदा खात्री करून घेतली, हे आंघोळीला गेले होते तेव्हा, फोनच्या वरच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हातानं. स्वानंदला म्हणावं, माफ कर. तुमचे दादा कालपासून तो केस पुसताहेत.