चोविसावा प्रवासी

शुक्रवार, १० मे. संध्याकाळ.

उद्या परीक्षा. मुलाचं म्हणणं, ह्यांच्यामागे मी घरी एकटी राहू शकणार नाही. ते घर बंद करावं आणि इथे परदेशात त्याच्याजवळ कायमचं राहावं. माझं म्हणणं, मी परत जाणार. दोन आठवडे वाद झाला, शेवटी तह झाला. मी एक दिवसाची सहल एकटीने करून दाखवायची. जमलं तर महिनाअखेरीस घरी. नाही जमलं तर निमूटपणे त्याचं ऐकायचं.

बुकिंग मी स्वतः कॉम्प्युटरवर केलं. सातवी शिकलेल्या बाईने. पुढचं शिक्षण वाचनालयात झालं. सून म्हणाली, आई, मदत करू का. म्हटलं, नको.

किल्ला, बाग आणि शेवटी दीपगृह. दीपगृह ह्यांना पाहायचं होतं. दीड वर्षापूर्वी आम्ही येणारच होतो, बॅगाही भरल्या होत्या. ते राहिलं.

संकल्प: घाबरायचं नाही. कुणाला रस्ता विचारायचा नाही. वेळच्या वेळी नोंदी करायच्या.

शनिवार, ११ मे. सकाळी ७.१०

डबा, पाणी, स्वेटर, छत्री, दुर्बीण. मुलगा स्टॉपपर्यंत सोडतो म्हणाला. म्हटलं, परीक्षेच्या हॉलमध्ये पालकांना सोडत नाहीत.

८.०५

चुकीच्या स्टॉपवर अर्धा तास उभी होते. चूक स्टॉपची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखेच बांधून ठेवलेत. मी रस्ता विचारला नाही. एका पोलिसाने आपण होऊन हाताला धरून पलीकडे नेलं.

८.३५

बसमध्ये. गाईड तरुण पोरगी, हातात पिवळा झेंडा. माझा कागद तिने मशीनला लावला तर मशीन दोनदा वाजलं. माझं बुकिंग जास्त पक्कं असावं.

शेजारची सीटही रिकामी मिळाली. खिडकीत पर्स ठेवली, मी अलीकडे बसले. खिडकीत बसायची मला सवय नाही.

गाईडने विचारलं, सगळे आहात ना? सगळ्यांत मोठ्याने हो मी म्हटलं.

११.१५

किल्ला चांगला आहे. दोनशे पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर थांबून मी तो खालून नीट पाहिला. वर गेलेल्यांना किल्ला दिसत नाही, ते किल्ल्यातच असतात.

११.५०

बस सुटत नाही. यादीत चोवीस, बसमध्ये तेवीस. गाईडने दोनदा मोजलं. मीही उठून मोजलं. तेवीस.

लोकांना वेळेचं काही नाही. हे बत्तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. असल्या माणसाला जागेवर सोडून त्यांनी गाडी काढायला लावली असती. आणि दुसऱ्या दिवशी तो भेटला तर वर ऐकवलं असतं.

१२.१५

मला संशय होता तो हिरव्या टोपीवाल्या गृहस्थांवर. सकाळी मागे बसले होते, आता दिसेनात. गाईडला खुणेने सांगितलं. ड्रायव्हर पुरुषांच्या स्वच्छतागृहात हाका मारून आला. हिरवी टोपी मागच्या सीटवर आडवी झोपली होती. तेविसात ती धरलेली होती. तरी मी त्यांना दोन शब्द सुनावले. मराठीत, पण सुरावरून कळलं असावं.

१२.३०

गाईड म्हणाली, आता निघू. सगळे हो म्हणाले. मी जाऊन दाराच्या पायरीवर उभी राहिले. म्हटलं, कुणाचा तरी माणूस आहे, असा मागे टाकून जाता येत नाही. इंग्रजी मोडकं असेल, पण मी पायरीवरून हलले नाही, ते सगळ्यांना समजलं. पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. कुणी आभार मानले नाहीत.

२.४०

बाग पाहायला पंचवीसच मिनिटं मिळाली. मी आत गेलेच नाही. फाटकापाशी उभ्याने डबा खाल्ला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवली. गाईडच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. हिरव्या टोपीने येऊन विचारलं, कोणाची वाट पाहताय? म्हटलं, चोविसाव्याची.

पुन्हा तेवीस. गाईड रडवेली झालीय. फोनवर ऑफिसशी बोलतेय. पोलिसांत कळवायचं चाललंय.

३.१०

गाईडने यादीतली नावं वाचायला घेतली. हे सकाळीच करायला हवं होतं. ज्याचं नाव येईल त्याने हात वर करायचा. माझं आलं. मी केला. पुढचं वाचलं. कुणी हात वर केला नाही. तिने पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

मग तोही हात मीच वर केला.

गाईड जवळ येऊन हळूच म्हणाली, ते कुठे आहेत? मला इंग्रजी वाचता येतं, बोलताना शब्द वेळेवर सापडत नाहीत. आले नाहीत, एवढं म्हटलं.

फॉर्म नीट केलेला नाही. दुसऱ्या प्रवाशाचं नाव लिहायला जागा ठेवतात. जागा ठेवली की माणूस लिहिणारच.

५.००

दीपगृह चार वाजता बंद झालं. रस्त्यावरून पाहिलं. पांढरं आहे. दुर्बिणीतून पाहायला गेले तर काचा धुरकट. ऊन फार होतं.

कुणी मला बोललं नाही. बोलायला हवं होतं. हिरवी टोपी उठून आली, खिडकीतली पर्स मांडीवर घेतली आणि तिथे बसली. विचारलंसुद्धा नाही. पेपरमिंटची गोळी दिली. मी घेतली, घसा कोरडा पडला होता म्हणून.

६.४५

घरी. मुलाने विचारलं, कसा झाला दिवस? उत्तम. दीपगृह पाहिलंस? पाहिलं.

मग सून म्हणाली, आणि आई, तुमच्या मैत्रिणीला आवडलं का? कोण मैत्रीण, म्हटलं. बुकिंगचा मेल तिच्याकडे आला होता, दोघांची नोंद होती. नाव तिने वाचलंच नव्हतं. आईला इथे कुणीतरी सोबतीला मिळालं म्हणून दोघं दोन दिवस खूश होती.

सांगितलं. पायरीवर उभी राहिले तेही सांगितलं.

मुलाने धुतलेलं ताट पुन्हा धुतलं. मग पाठमोराच म्हणाला, एकटीने जायचं ठरलं होतं. यादीप्रमाणे तुम्ही दोघं गेलात. ही सहल धरता येणार नाही. म्हटलं, अरे, पण बसमध्ये मी एकटीच होते. म्हणाला, आई, माणूस टाकून जात नाहीत म्हणून तू बस अडवून धरलीस, आणि एकटी कुठली?

बापासारखाच आहे. नियमावर बोट.

पुढच्या शनिवारी पुन्हा.

रविवार, १२ मे. सकाळ.

आत्ताच बुकिंग केलं. त्याच सहलीचं. प्रवासी किती, तिथे एक लिहिलं. खालची नावाची ओळ आपोआप नाहीशी झाली.

नंतर बटण दाबायचं असतं. त्याला पाऊण तास लागला. इथलं इंटरनेट फार हळू आहे.