वर्नेलची तक्तपोशी

१२ मार्च, बुधवार
१. वर्नेलच्या गढीत दक्षिणेच्या दालनातली छताची चितारलेली तक्तपोशी जागेवर नाही. हरणं, ससाणे, घराण्यांच्या ढाली – सगळं गेलं.
२. मुख्य तुळया आहेत. फळ्या आणि त्यांना खालून पेलणाऱ्या आडव्या कड्या नाहीत.
३. काही उचकटलेलं नाही. सावकाश, नीट उतरवलं आहे.
४. कायदा मोडलेला नाही. सरकारी संरक्षण बाहेरच्या भिंतींना आणि छपराला आहे. आतल्या कशालाही नाही.
५. संरक्षणाचा प्रस्ताव मी तयार केला होता.

वारसा कचेरीत कळवलं. देशाबाहेर जायच्या आत सापडली तर तातडीची मनाई आणता येते म्हणाले. पण आहे कुठे?

१३ मार्च
गढी सोलांजमावशींची. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच मला हातांत धरलं होतं. प्रस्तावातून आतला भाग वगळ, हा त्यांचाच आग्रह. आतलं धरलं तर खिळा ठोकायलाही परवानगी लागणार, मी म्हातारीने कुणाकुणाच्या दारात जायचं? मालकाची संमती नसली की प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहतो. आणि छप्पर गळत होतं.

तेव्हा बाबांना विचारलं होतं. ते सुतार, गढीचं छप्पर त्यांनीच आजवर सांभाळलं. म्हणाले, "आधी छप्पर वाचव, पोरी. तक्तपोशी कोण डोक्यावर घेऊन पळतंय!"
हसलो होतो दोघं.

आज मावशींनी कॉफी दिली. साखरेचं भांडं पुढे सरकवलं – मी साखर घेत नाही, हे त्यांना माहीत आहे. विकली म्हणाल्या. कुणाला ते सांगायचं नाही असं ठरलंय. मग –
"तूच तर मोकळी ठेवलीस, माएल. मी काय चोरी केली?"
कप विसळून ठेवला. निघाले.

१४ मार्च
कचेरीतून फोन. ठिकाण कळलं का? नाही.

१६ मार्च, रविवार
बाबांकडे जेवले. कोंबडी, बटाटे, शेवटी चीज. मी मावशींबद्दल सगळं सांगितलं. एरवी छपराचं एक कौल कुणी हलवलं तरी आठवडाभर शिव्या देणारा माणूस! आज हाडं वेचत बसला. "म्हातारी आहे. सोड आता." एवढंच.

१७ मार्च
शेवटची मापं घ्यायला गेले. मावशींनी दार उघडलं, वर आल्या नाहीत.

शिडी लावून तुळया पाहिल्या. कडी जिथे बसायची त्या प्रत्येक खोबणीशी ताजा कोरलेला रोमन आकडा. सुतारांची रीत – जोड सोडवण्याआधी दोन्ही लाकडांवर एकच खूण करायची, म्हणजे परत बसवताना चूक होत नाही. परत कुणी बसवणार नसलं, कुणाला कळू द्यायचं नसलं, तरी हात ऐकत नाही.

पाचाचा आकडा उलटा. टोक वर.

आमच्या घरातल्या प्रत्येक कपाटामागे पाच तसाच आहे. गुरूंनी तसाच शिकवला, बाबा म्हणतात. या भागात दुसरा कुणी तसा काढत नाही.

शिडी होती तिथेच ठेवली.

१८ मार्च
बाबांच्या कारखान्याच्या दारात चिठ्ठी खोचून आले –
'बाबा, पाच पाहिला. तक्तपोशी कुठे आहे ते सांगा. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या. – माएल'