त्रिकोणाचं बटण आणि तीन नायिका

सोमवार, ३ जून, सकाळी ७
व्याख्यानाचा आरंभ सुचला. विसरण्याआधी लिहून ठेवतो.
"पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या वाचक बांधवांनो, आपलं आता कोणी ऐकत नाही! आपण तोंड उघडतो आणि समोरचा मोबाइल उघडतो!"
इथे टाळ्या.
विषय: व्हिडिओ गेममधल्या नायिका, बलस्थानं आणि उणिवा. पंधरा तारखेला, वाचन मंडळाच्या हॉलमध्ये. चिटणिसांनी विचारलं, विषय जरा तरुण आहे, जमेल ना? म्हटलं, मंडळाच्या अध्यक्षपदाच्या अकरा वर्षांत अभ्यास न करता मी व्यासपीठावर पाऊल ठेवलेलं नाही. आजवर एकही गेम खेळलेलो नाही, पण तो तपशिलाचा भाग.
संकल्प: रोज दोन तास. तीन गेम, तीन नायिका. तिसरा गेम लेकीने स्वतः बनवलाय, दोन वर्षं खपून. सोळा तारखेला संध्याकाळी सहाच्या आत स्पर्धेला पाठवायचाय. म्हणाली, बाबा, तू खरं मत दे, मग पाठवायचा की नाही ते ठरवते. योग्य माणसाला विचारलं.

मंगळवार, ४ जून
पहिला गेम. नायिका गिर्यारोहक. लेकीने बटणं कागदावर काढून दिली: फुली, गोल, चौकोन, त्रिकोण. नायिका मधूनमधून थांबते, खाली चौकटीत मजकूर येतो. त्रिकोण दाबला की चौकट गायब आणि गेम पुढे. मुरलेला वाचक पानं उलटतो ना, तसंच. माझा वेग बघून लेक काही सांगू लागली. मी तिला गिर्यारोहणाचा इतिहास सांगितला.
एकोणीस वेळा दरीत.
उणीव: उडीच्या ऐन क्षणी बाईचा आत्मविश्वास ढळतो. बलस्थान: कुरकुर न करता पुन्हा उठते.

गुरुवार, ६ जून
काल सुट्टी. अंगठा दुखत होता.
दुसरा गेम. नायिका पोलीस तपासनीस. तेरा साक्षीदार, पण ही एकालाही धड बोलू देत नाही. तो तोंड उघडतो, ही पुढच्या खोलीत. शेवटी माळ्याला अटक. चूक निघाली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा माळी.
उणीव: उतावळी, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. बलस्थान: चालण्यात रुबाब.
बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, माळ्याने केलं तरी काय होतं? म्हटलं, मुद्दा तो नाही.
बायको लिफ्टच्या कंपनीत, बावीस वर्षं दुरुस्तीवर. घरी आल्यावर तिला दहा मिनिटं शांतता लागते. लिफ्टचा बिघाड कानाने कळतो म्हणे, दिवसभर दाराला कान लावून उभं राहावं लागतं. त्या दहा मिनिटांत मी तालीम उरकतो. एरवी घरात इतकी शांतता कुठे मिळायला?

रविवार, ९ जून
तिसरा गेम, लेकीचा. नायिका लिफ्ट दुरुस्त करते. ही कल्पना पोरीला कुठून सुचली कोण जाणे.
पहिल्याच मजल्यावर एक काका लिफ्टमध्ये अडकलेत. नायिका दाराशी येते. चौकट. त्रिकोण. चौकट. त्रिकोण. पुढे काही नाही. सगळी बटणं दाबली. कंट्रोलर आपटून पाहिला. सव्वा तास झाला, काका आतच.
उणिवा: नायिका मुकी. मत नाही, कृती नाही. बलस्थान: पाना छान काढलाय.

सोमवार, १० जून
जेवताना लेकीला मत दिलं. चाळीस मिनिटं, भीडभाड न ठेवता. उपायही सुचवले: नायिकेला वक्तृत्व द्यावं, किंवा सरळ काकांनाच नायक करावं.
तिने एवढंच विचारलं, पहिल्या मजल्यावर ती काय म्हणते ते वाचलंस का? म्हटलं, मी समग्र रचनेबद्दल बोलतोय. ताट उचलून आत गेली. विचारात पडलेली दिसते.

गुरुवार, १३ जून
बायको म्हणाली, पोरगी गेम पाठवत नाहीये. दोन वर्षांचं काम तुम्ही एका जेवणात मोडीत काढलंत. म्हटलं, टीका पचायला वेळ लागतो. लेक सोमवारपासून बोलत नाही.
घरात उत्तम शांतता. तालीम झकास.

शनिवार, १५ जून, संध्याकाळी ७
हॉल भरलेला. मोठा पडदा लावलेला. लेक आली नाही.
आरंभ दणदणीत. मग लेकीचा गेम लावला. मला बोलायचं होतं, म्हणून कंट्रोलर बायकोच्या हाती दिला. बजावलं, फक्त त्रिकोण दाबत राहा.
तिने दाबला नाही.
चौकट आली आणि तशीच राहिली. लिफ्टमधले काका भाषण देत होते. तक्रार ही की हल्ली आपलं कोणी ऐकत नाही. पहिल्या रांगेत खसखस पिकली, मागपर्यंत गेली. मग नायिका बोलली:
"काका, तुमचं सगळं ऐकते. आत्ता जरा गप्प बसा, म्हणजे लिफ्टला काय झालंय ते ऐकू येईल."
बायकोने दोन्ही हात मांडीवर ठेवले. कुठलंच बटण नाही. हॉलमध्ये कोणी खोकललंही नाही. सात-आठ सेकंदांनी वरून बारीक करकर आली.
"वरची पुली," बायको म्हणाली. एकदाच फुली दाबली. दार उघडलं.
टाळ्या. माझी दहा पानं माझ्या हातातच.
तांत्रिक कारणास्तव व्याख्यान आटोपतं घेतलं.

रविवार, १६ जून, संध्याकाळी ६.१५
पाच वाजता लेकीच्या खोलीत गेलो. माफीचे मुद्दे काढले होते, साडेतीन पानं. पहिलाच परिच्छेद चालू असताना तिने कंट्रोलर पुढे केला.
"बाबा, बोलू नकोस. खेळ."
अंगठा मांडीखाली दाबून बसलो. करकर ऐकू आली. काका बाहेर आले. नायिका त्यांना म्हणाली, चला, घरापर्यंत येते, वाटेत राहिलेलं भाषण सांगा. इथे चष्मा पुसावा लागला. तिच्या खोलीत धूळ फार.
म्हटलं, पाठव. दुसरं काही म्हटलं नाही. सहाला दहा कमी असताना तिने गेम पाठवला.
पाठवण्याआधी एक बदल केला. माझ्या टीकेचा परिणाम, हे नमूद करतो. त्रिकोण दाबून आता नायिकेचं बोलणं टाळता येत नाही. काकांचं येतं.
चिटणिसांचा फोन आला. पुढच्या महिन्याचं व्याख्यान बायकोचं. अध्यक्ष म्हणून दोन शब्द मी बोलेन म्हटलं. ते म्हणाले, एकच वाक्य चालेल. तयार आहे:
बांधवांनो, त्रिकोणावरचा अंगठा उचला.