नव्या धावपट्टीचे दिवे

ती. बाबा,

तुम्हाला नि आईला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईला वाचून दाखवताना मधलं गाळा.

इथे विमानतळावर जुन्या धावपट्टीशेजारी नवी होतेय, तिचे दिवे मी बसवते. मंगळवारी धुकं होतं. साहेब म्हणाले, "दिवे लावून बघ." मी लावले. तेवढ्यात उतरायला आलेलं एक विमान जुनी पट्टी सोडून आमच्याच दिव्यांकडे वळलं! पट्टीवर रोलर, माणसं. मी कोणाला न विचारता दिवे बंद केले. विमान घोंघावत वर गेलं आणि फेरी मारून जुन्या पट्टीवर नीट उतरलं.

मुकादमांनी पाठ थोपटली. साहेब मात्र कडाडले, "चांगले दिवे लावलेस!"

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"टॉवरला विचारून लाव म्हणालो होतो."

तसं म्हणाले होते का? रोलरचा आवाज इतका होता, की मला खरंच सांगता येत नाही.

नंतर वैमानिक मला शोधत आला. माझा हात धरून नुसता उभा राहिला आणि गेला. आभार मानायला आला होता की जाब विचारायला, काही कळेना.

तेव्हापासून मला खोलीवर बसवलंय. आईचा गुडघा कसा आहे? दादा घरी येतो का?

उद्या चौकशी आहे. मुकादम म्हणतात, "साहेबांवर ढकल." पण मला ऐकूच आलं नसेल तर? बाबा, माहीत नाही, एवढंच मी सांगणार आहे. चालेल ना?

तुमची,
धाकटी